दार आपटणारा मतदार आपला शत्रू नव्हे

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या कार्यकर्ता शिबिरात एका तरुण कार्यकर्तीने विचारलेला प्रश्न अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही. तिच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान झाले होते. ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’, एवढाच सवाल. ती आणि तिच्या मैत्रिणी तीन आठवडे घरोघर हिंडल्या. काही घरांत त्यांना चहा मिळाला, काही घरांत शिव्या मिळाल्या, एका घरातून तर अंगावर खरकटे पाणी आले. गावच्या एका वजनदार गृहस्थांनी मात्र त्यांना ओसरीवर बसवून घेतले, “पोरींनो, तुमचे काम फार थोर आहे,” असे म्हणून आशीर्वाद दिला, आणि मतदानाच्या दिवशी सकाळीच आपल्या आळीतल्या बायकांना दोन गाड्या करून देवदर्शनाला धाडून दिले. आडवी बाटली हरली. हे सारे सांगून झाल्यावर त्या मुलीने विचारले, “शिव्या देणाऱ्याशी आम्ही सभ्यपणे का बोलायचे? आणि सभ्यपणे बोलणाऱ्यावर विश्वास तरी का ठेवायचा?”

शिबिरात आम्ही ज्येष्ठ म्हणविणारी बरीच मंडळी होतो. एकाने साने गुरुजींची आठवण काढून प्रेमाचा महिमा सांगितला. दुसऱ्याने टेबलावर मूठ आपटून, ‘जशास तसे’ हेच आता आपले धोरण असले पाहिजे, असे बजावले. टाळ्या दुसऱ्याला अधिक पडल्या. मला ही दोन्ही उत्तरे खोटी वाटली. पहिल्या उत्तरात सभ्यता हा निव्वळ स्वभावाचा अलंकार ठरतो. दुसऱ्यात ती दुबळेपणाची खूण ठरते. सभ्यता हा राजकारणाचाच भाग आहे, ती कोणाशी, कशासाठी आणि कोठपर्यंत पाळावयाची याचा निर्णय राजकीय विचारानेच करावा लागतो, हे दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. त्या दिवशी मीही गप्प बसलो. कारण त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर मला आमच्याच एका जुन्या पराभवाची, आणि त्यातल्या माझ्या वागणुकीची, कबुली द्यावी लागली असती. ती आज देतो.

‘झालाच पाहिजे’

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून स्वतंत्र राहावा, असा प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल होती, स्वतंत्र अस्तित्वाची दोन पाने. संसदेने त्यासाठी १९६६ साली खास कायदा केला होता, आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला होता. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीतली बहुतेक माणसे विलीनीकरणाच्या बाजूची होती, आणि गोव्यात पीटर अल्वारिस यांच्यासारखा मुक्तिलढ्यातला नेताही त्याच बाजूला होता. आम्हांला वाटे, गोव्यावर आमचा हक्क आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिले, १९५५ साली नानासाहेब गोऱ्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही हद्द ओलांडून गेले, लाठ्या, तुरुंग आणि गोळ्या यांना महाराष्ट्रातली माणसे सामोरी गेली. मग १९६१ साली मुक्त झालेला गोवा आमचे ऐकणार नाही, ही कल्पनाच आम्हांला शिवली नाही.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. सावंतवाडीकडून आमची एक तुकडी पेडण्यात उतरली, आणि तेथून पुढे बारदेशात गेली. आमच्या तोंडी घोषणा होती ‘झालाच पाहिजे’. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती घडली होती आणि त्या लढ्यात ती शोभलीही होती, कारण तेथे तिचा रोख दिल्लीच्या सत्तेवर होता. जनतेने सरकारला बजावावयाचे होते. पण तीच घोषणा उचलून आम्ही जनमत कौलात नेली, तेव्हा तिचा रोख कोणाकडे वळला? येथे निर्णय दिल्लीने करावयाचा नव्हता, तो दारातल्या माणसाने करावयाचा होता. सरकारला दरडावण्यासाठी तयार झालेले शब्द मतदाराला दरडावू लागले. ज्याला विचारावयाचे त्यालाच आम्ही बजावीत होतो, आणि आपण प्रचार करीत आहोत असे समजत होतो.

बारदेशातल्या एका घराची गोष्ट सांगतो. अंगणात पांढरा क्रूस, पुढे बाल्कांव, बाल्कांवात बसलेली एक म्हातारी. आम्ही चौघे जण होतो, हातात फुलाच्या निशाणीची पत्रके होती. तिने आम्हांला बसावयास सांगितले, आतून पाणी आणविले, कोठून आलो ते विचारले. आमच्यापैकी कोणी तिला तिचे मत विचारले नाही. मी मात्र व्याख्यान सुरू केले. कोकणी ही मराठीची एक बोली आहे, हे मी तिला तिच्याच घरात, तिच्याच पाण्याचा पेला हातात धरून, पटवून देऊ लागलो. तिने शांतपणे सारे ऐकले आणि एवढेच म्हणाली, “तुमची भास व्हड आसूं; पूण घर आमचें.” आम्ही हसलो. बाहेर पडल्यावर आमच्यातल्या एकाने फाटकावर चिकटवलेले दोन पानांचे चित्र फाडून टाकले. ते चिकटविणारा मुलगा, आमच्याच वयाचा, शेजारच्या घरातून धावत आला तेव्हा त्याला ढकलून दिले. तो पडला. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. रात्री मुक्कामावर आम्ही त्या गावाची नोंद केली : ‘वातावरण प्रतिकूल. लोक उद्धट.’

उद्धट कोण होते, हे आज कोणी मला सांगावयास नको. पण त्या वेळी आम्हांला खरोखरच तसे वाटत होते, आणि कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावयाची गोष्ट हीच आहे. उत्तर आधीच ठरलेले आहे अशी ज्याची खात्री असते, त्याला प्रत्येक नकार हा उद्धटपणा भासतो. दारावरचे वैर पुष्कळदा आपण दाराशी बरोबर घेऊन गेलेलो असतो.

भाटकाराची ओसरी

तथापि ही गोष्ट येथेच संपविली तर मी त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला बगल दिल्यासारखे होईल. सभ्यतेने बोलणारा माणूस सभ्य असतोच काय?

पेडण्याच्या एका गावी आम्ही एका भाटकाराच्या वाड्यावर गेलो होतो. इतके अगत्य मी त्या सबंध मोहिमेत कोठे अनुभवले नाही. खुर्च्या मांडल्या, कॉफी आली, काजू आले. गृहस्थ विलीनीकरणाच्या विरोधी होते, पण बोलणे असे मृदू की ऐकत राहावे. मतभेद असावेत, मनभेद नसावेत, असे ते दोनदा म्हणाले. त्यांचे मुंडकार, म्हणजे त्यांच्याच जमिनीत झोपडी बांधून राहणारी कुटुंबे, विहिरीपाशी उभी राहून आमच्याकडे पाहत होती. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा एकही माणूस बोलेना. एकाने तर पाठ फिरविली. दुसरा चिडून म्हणाला, “जा बाबांनो, आमचे काय ते आम्ही बघू.” आम्ही आमच्या वहीत लिहिले, ‘भाटकार सुसंस्कृत, मुंडकार उदासीन.’ रात्री अंधार पडल्यावर तोच चिडलेला माणूस आमच्या मुक्कामी आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आणि आपल्या घरातली चारही मते फुलाला आहेत असे सांगून गेला. दिवसा बोललो असतो तर झोपडी राहिली नसती, असेही म्हणाला.

मुंडकाराला घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा १९७५ चा कायदा तेव्हा आठ वर्षे दूर होता. खुर्चीवर बसलेल्याला गोड बोलणे परवडते. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर उभे असते, त्याची भाषा तुटक होते, रागीट होते, पुष्कळदा ती मुकी होते. म्हणून जे लोक आज व्यासपीठावरून, सार्वजनिक जीवनातली सभ्यता लयाला गेली असे गळे काढतात, त्यांना आपण विचारले पाहिजे की महाराज, आपण कोणाच्या सभ्यतेविषयी बोलत आहात? कुळाने, मजुराने, दलिताने, बाईने आवाज चढविला की सभ्यता धोक्यात येते, आणि मालकाने हळू आवाजात ‘बघून घेऊ’ म्हटले की ती सुरक्षित राहते, असली सभ्यता समाजवाद्यांना मान्य होऊ शकत नाही. शिष्टाचार हे विषमतेचे पांघरूण होता कामा नये.

तेव्हा दारावरच्या वागणुकीचे वरवरचे रूप फसवे असते. शिवी देणारा कधी भ्यालेला असतो, कधी दुखावलेला असतो, कधी आपल्याच उद्दामपणाला उत्तर देत असतो. गोड बोलणारा कधी खरोखरच थोर असतो, जशी ती बारदेशातली म्हातारी होती. कधी तो केवळ निर्धास्त असतो, जसा तो भाटकार होता. वहीत ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ असे दोनच रकाने पाडणाऱ्या कार्यकर्त्याला यातले काहीच दिसत नाही.

चौतीस हजार आणि दहा आठवडे

कौलाचा निकाल सर्वांना ठाऊक आहे. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली, फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१ चे. म्हणजे सतरा हजार अकरा माणसांनी आपले मत बदलले असते तर इतिहास वेगळा झाला असता. पेडण्यापासून साष्टीपर्यंत किती बाल्कांवांवर किती ‘झालाच पाहिजे’ झडले, आणि त्या प्रत्येकाने किती मते दोन पानांकडे लोटली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ठेवला असता तर तो आम्हांला वाचवला नसता.

पराभवानंतर आमच्या बाजूने कारणे शोधली गेली ती अशी : पाद्र्यांनी लोकांना भडकविले, भाटकारांनी दडपण आणले, पैसा ओतला गेला, लोक अडाणी निघाले. भाटकारांच्या दडपणात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेला मुंडकार माझ्या डोळ्यांसमोर आहे. परंतु या सबंध यादीत ‘आम्ही’ कोठेच नव्हतो. शिवाय विरोधकांनी केवळ धर्माच्या आणि जमिनीच्या जोरावर हा कौल जिंकला, ही समजूत एका साध्या गोष्टीपुढे टिकत नाही. विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत प्रभावी प्रचार मराठीतून झाला! ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतच निघत होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गावोगाव वाचले जात होते. ज्यांची मराठी मने आम्ही गृहीत धरली होती, त्यांच्याशी ही माणसे मराठीत वाद घालत होती. आम्ही नगारे वाजवीत होतो. गृहीत धरणे आणि मन वळविणे यांतला फरक त्या चौतीस हजारांत आहे.

यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. कौलानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. तिच्यात कोण निवडून आले? ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा विलीनीकरणाचा पुरस्कार जानेवारीत हरला होता, तोच पक्ष तीसपैकी सोळा जागा मिळवून पुन्हा सत्तेवर आला, आणि बांदोडकर १९७३ साली निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. बहुजन समाजाला बांदोडकर हवे होते, शाळा हव्या होत्या, कुळांना न्याय हवा होता. पण त्यांतल्या अनेकांना गोवा मात्र गोवाच राहावयास हवा होता. याचा अर्थ असा की जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांत मार्चमधले आपले मतदार होते. जानेवारीत ज्याला आम्ही ‘प्रतिकूल’ म्हणून काट मारली, आणि ज्याच्या फाटकावरचे चित्र फाडले, तो कदाचित त्यांच्यापैकीच एक असेल.

निवडणूक आणि सार्वमत यांत हा मूलभूत भेद आहे, आणि पक्षकार्यकर्ते तो विसरतात. निवडणुकीत माणसे साधारणतः आपापल्या पक्षाच्या, जातीच्या, हितसंबंधांच्या रांगेत उभी असतात. सार्वमतात एकच प्रश्न सगळ्या रांगांना आडवा कापून जातो. तेथे बाप आणि मुलगा, नेता आणि अनुयायी, एकाच युनियनमधले दोन कामगार विरुद्ध बाजूंना जाऊ शकतात. तेथे समोरचा माणूस ‘त्यांचा’ नसतो, कारण ‘ते’ नावाची स्थिर वस्तूच नसते. अशा लढाईत शत्रूची यादी करणारा पक्ष स्वतःच्याच माणसांची यादी करीत असतो.

दार पुन्हा उघडते

हे केवळ गोव्यापुरते खरे आहे असे कोणी समजू नये. घरोघर फिरून सार्वमताचा प्रचार करण्याची रीत आयर्लंडमध्ये पक्की रुजलेली आहे, म्हणून तेथला अनुभव पाहण्यासारखा आहे. १९८३ साली तेथे गर्भाच्या जीविताला घटनात्मक संरक्षण देऊन गर्भपाताचे दार बंद करणारी आठवी घटनादुरुस्ती ६६.९ टक्के मतांनी मंजूर झाली. २०१८ साली तीच दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने ६६.४ टक्के मते पडली. पस्तीस वर्षांत जवळजवळ तेवढेच बहुमत उलटे झाले. घटस्फोटाचा प्रश्न १९८६ साली फेटाळला गेला आणि १९९५ साली अवघ्या ९,११४ मतांनी मंजूर झाला. या प्रत्येक मोहिमेत तोंडावर दारे आपटली गेली असणार. पण आपटलेले दार हा जर शेवटचा शब्द असता, तर १९८३ चा आयर्लंड आजही तसाच राहिला असता. पुढच्या खेपेस जाणाऱ्याने मागच्या खेपेस तेथे काय ठेवले होते, यावर ते दार पुन्हा किती उघडेल हे ठरते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ब्रिटनचे. युरोपीय संघातून बाहेर पडावयाचे की नाही, यावर २३ जून २०१६ रोजी तेथे सार्वमत झाले. त्याच्या एकच आठवडा आधी, १६ जूनला, मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांची त्यांच्याच मतदारसंघात, लोकांना भेटावयास जात असताना, एका अतिउजव्या माथेफिरूने हत्या केली. दोन्ही बाजूंना आपला प्रचार थांबवावा लागला. एका माणसाचे पाप सगळ्या विरोधी मतदारांच्या माथी मारावे, असे मी म्हणत नाही, आणि तसे करणे हाच पुन्हा तो शत्रूंच्या यादीचा रोग होईल. परंतु विरुद्ध मताच्या माणसाला देशद्रोही ठरविणारी भाषा एकदा मोकाट सुटली की तिला हात फुटावयास वेळ लागत नाही, हे आपल्या देशातही आपण पाहिले आहे. गोव्यातच राजभाषेच्या प्रश्नावर पुढे रक्त सांडले. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली, कायद्याने मराठीच्या वापरालाही जागा दिली, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. प्रश्न सुटले. त्यांच्यापायी गमावलेली माणसे परत आली नाहीत.

बाटलीमागचा हात

आता मूळ प्रश्नाकडे, त्या मुलीच्या गावाकडे येतो. आडव्या बाटलीच्या मतदानाची रीत महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशाने घालून दिली. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान व्हावयाचे, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद व्हावयाचे. या अटीतली मेख नीट पाहावी. मते मोजावयाची ती मतदानाला आलेल्यांच्या प्रमाणात नव्हे, तर यादीवरच्या सगळ्यांच्या प्रमाणात. म्हणजे जी बाई घरी बसली, जी माहेरी गेली, जी ऊसतोडीला गेली, तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या पदरात पडले.

एवढे समजले की त्या गावातल्या शिव्यांचा आणि आशीर्वादांचा अर्थ उलगडतो. दारूविक्रेत्याला बायकांची मने वळवावयाची नव्हतीच. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला दारू चांगली आहे हे कोण पटवून देणार? त्याला एवढेच हवे होते की तिने त्या दिवशी घराबाहेर पडू नये. खरकटे पाणी फेकणारी बाई बहुधा आमच्या कार्यकर्त्यांना सांगत नव्हती, ती माजघरात बसलेल्या आपल्या नवऱ्याला ऐकवीत होती की पाहा, मी यांच्यातली नाही. आणि देवदर्शनाच्या गाड्या काढणारे गृहस्थ? त्यांनी एकही अपशब्द उच्चारला नाही. गावातल्या सगळ्यांत सभ्य माणसाने गावातले सगळ्यांत असभ्य काम केले.

मग या दोघांशी एकाच मापाने वागावयाचे काय? मुळीच नाही. माझे उत्तर येथे स्पष्ट आहे. मतदार, मग तो कितीही कडवट बोलो, आपल्या सौजन्याचा हक्कदार आहे, कारण निर्णय त्याचा आहे आणि आपण त्याच्या दारात याचक म्हणून नव्हे तरी पाहुणे म्हणून उभे आहोत. परंतु जो मतदाराला निर्णयच करू देत नाही, धमकी देऊन, गाड्या भरून, छपराचा किंवा रोजगाराचा धाक घालून त्याचे मत त्याच्या हातून काढून घेतो, त्याच्या मधुर वाणीला आपण काही देणे लागत नाही. त्याच्याशी शिवीगाळ करावयाची नाही, तिने काहीच साधत नाही. पण त्याचे नाव, त्याची गाडी, त्याचा दिवस आणि त्याची वेळ लिहून घेऊन तहसीलदारापुढे, ग्रामसभेपुढे आणि गावच्या चावडीवर ठेवावयाचे. तेथे गप्प बसणे ही सभ्यता नव्हे, ती शरणागती होय.

कार्यकर्त्यांना विनंती

‘जशास तसे’ म्हणणाऱ्या मित्रांना एक विचारतो. ज्याने दार आपटले, त्याच्याशी ‘जशास तसे’ म्हणजे नेमके काय करावयाचे? आपण त्याचे दार आपटू शकत नाही, ते त्याचे आहे. आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत. एक तर त्याच्या मनात आपल्याविषयी आणखी एक कटू आठवण ठेवून यावयाचे, किंवा पुढच्या कार्यकर्त्यासाठी उंबरा थोडा खाली करून यावयाचा. चळवळीला घाई असते हे मला मान्य आहे. पण चळवळ उद्याच्या मतदानाबरोबर संपत नाही, आणि ज्याच्याकडे उद्या जावयाचे नाही असे एकही घर समाजवाद्याच्या गावात नसते.

म्हणून वहीतले दोन रकाने फाडून टाका. त्यांच्या जागी लिहा की हा माणूस काय म्हणाला, कोणाच्या समोर म्हणाला, त्याच्या बोलण्यामागे भीती होती की विचार होता, आणि आपण त्याला काही विचारले की नुसतेच सांगितले. चहा मिळाला म्हणजे मत मिळाले असे समजू नका, आणि शिवी मिळाली म्हणजे मत गेले असेही समजू नका. दिवसा न बोलणाऱ्याला रात्री बोलण्याची सवड ठेवा. कार्यकर्त्या मुलींना कोणत्याही घरी एकटीने पाठवू नका, आणि त्यांच्या अंगावर कोणी हात टाकला तर ते ‘प्रचारातले चालायचेच’ म्हणून मिटवू नका. आपल्या माणसाने दुसऱ्या बाजूचे पोस्टर फाडले, तर ते चिकटवून देण्यास त्यालाच परत पाठवा. पोस्टर ज्याचे, त्याची माफीही त्यालाच मागू द्या.

ही शेवटची गोष्ट मी उपदेश म्हणून सांगत नाही, ऋण म्हणून सांगतो. बारदेशातल्या त्या फाटकापाशी पडलेला मुलगा माझ्याएवढाच होता. गोवा कोठे जावा हे त्याने आणि मी वेगवेगळे ठरविले होते, एवढाच त्याचा अपराध. त्या कौलाने कोणाचे बरोबर होते याचा निकाल लागला, आणि आज साठ वर्षांच्या जवळ आल्यावर त्या निकालाविषयी माझ्या मनात काही किल्मिष राहिलेले नाही. गोवा गोव्याच्या माणसांनी ठरविला, हे योग्यच झाले. राहिले आहे ते एवढेच की त्याला उठविण्यासाठी मी हात पुढे केला नाही. शिबिरातल्या त्या मुलीला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. ते हे आहे : बाई, शिव्या देणाऱ्याशी सभ्यपणे बोला, कारण उद्या तो तुमच्या बाजूला उभा राहणार आहे. गोड बोलणाऱ्याच्या गाड्या मोजा, कारण मत तेथून चोरीला जाते. आणि तुमच्याच रांगेतला कोणी आडदांडपणा करू लागला, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.